राजगड ते तोरणा एका रात्रीत: घरच्या गेमसाठी एआयकडून चित्रं करून घेताना

राजगडावरून तोरण्यावर एका रात्रीत खलिता पोचवायचा, एवढीच माझ्या गेमची गोष्ट. काळ राजगड राजधानी होता तेव्हाचा, जासूद एकटा, हातात काठी, अंगावर घोंगडी, आणि वाट आपल्या ट्रेकवाल्यांची नेहमीचीच, म्हणजे संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून खाली उतरायचं, डोंगरधारेनं चालत राहायचं आणि पलीकडे बुधला माचीवरून तोरण्यात शिरायचं. कोडिंग माझं रोजचं काम आहे, गेम बनवायचं गोडो इंजिन फुकट आहे आणि त्याचं लायसन्सही मोकळं आहे, त्यामुळे जासूद पळतोय, उडी मारतोय, पहारेकऱ्याच्या मशालीचा उजेड आला की झुडपाआड लपतोय हे सगळं नुसते राखाडी चौकोन वापरून छान चालायला लागलं होतं. चित्रकला मात्र माझ्याकडे नाही आणि पूर्ण गेमची चित्रं कुणाकडून विकत घ्यायला बजेट नाही, म्हणून एआय.

सुरुवात एका पैसे घेणाऱ्या वेबसाइटवर केली. सह्याद्रीतला किल्ला, रात्र, चांदणं असं इंग्रजीत लिहून दिलं आणि जे आलं ते दिसायला इतकं सुंदर होतं की दोन मिनिटं मी नुसती बघत बसले, पण तो राजस्थान होता. पिवळसर वाळूच्या दगडाच्या भिंती, त्यावर घुमट, छत्र्या, नक्षीदार झरोके. मागचे डोंगर टोकदार, एकदोन ठिकाणी चक्क बर्फ. "महाराष्ट्र" लिहिलं, "काळा बेसॉल्ट" लिहिलं, घुमट नकोत असं लिहिलं, तर भिंत काळी झाली आणि घुमट जरा लहान झाले. मावळा मागितला तर रजपुती फेटा, अंगात इराणी वाटावं असं चिलखत आणि हातात अर्धचंद्रासारखी वाकलेली तलवार. आपली धोप सरळ पात्याची असते हे त्याला कुठून कळणार.

ह्याचं कारण शोधत गेले तेव्हा बऱ्याच गोष्टी स्वच्छ झाल्या. स्टेबल डिफ्युजन हे वर्णनावरून चित्र काढणारं मॉडेल 2022 च्या ऑगस्टमध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, ते ज्या लायन नावाच्या साठ्यावर शिकलंय त्यात इंटरनेटवरून गोळा केलेल्या चित्र आणि मजकुराच्या 585 कोटी जोड्या आहेत, आणि त्यातला मुख्यतः इंग्रजी मजकुराचा भाग ह्या मॉडेलनं घेतला. म्हणजे ज्या जागेचे फोटो इंग्रजी वर्णनासकट नेटवर ढिगानं पडलेत ती जागा त्याला पाठ. भारतीय किल्ला म्हटलं की पर्यटकांनी टाकलेले जयपूर, जोधपूर, आग्रा. आपल्याकडचे राजगडाचे फोटो हजारोंनी असतील, पण खाली काय लिहिलेलं असतं? "जय शिवराय", "संडे ट्रेक विथ गँग". बुरूज कुठला, माची कुठली, चर्या म्हणजे काय, हे त्या फोटोखाली कुणी इंग्रजीत लिहित नाही, मग मॉडेल शिकणार कशावरून. शब्द समजून घेणारा त्याचा भागही इंग्रजीवरच तयार झालाय, त्याला गोमुखी दरवाजा म्हटलं की तो फार तर गायीचं तोंड काढतो, आणि मला खरंच दरवाज्यावर गायीचं डोकं बसवलेलं चित्र आलं होतं.

त्याच सुमारास त्या वेबसाइटनं एका रात्रीत आतलं मॉडेल बदललं. कालपर्यंत ज्या वर्णनाला ठरावीक पोताची, जरा रंगीत खडूसारखी चित्रं येत होती त्याच वर्णनाला दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत चित्रं यायला लागली आणि जुनं मॉडेल परत मागायची सोयच नव्हती. गेमसाठी हे फार वाईट, कारण गेममधलं झाड आज केलं आणि दगड दोन महिन्यांनी केला तरी दोन्ही एकाच हातचे वाटायला हवेत. तेव्हा ठरवलं की जे करायचं ते स्वतःच्या कॉम्प्युटरवर. कॉम्फी यूआय टाकलं, म्हणजे असली मॉडेल्स घरी चालवायचं सॉफ्टवेअर, त्यात एकेक पायरी डब्याडब्यांनी जोडून ठेवता येते, आणि मॉडेल तेच, सीड नंबर (चित्राची सुरुवात ज्या आकड्यावरून होते तो) तोच, सेटिंग तीच ठेवली तर चित्र पुन्हा तेच मिळतं. माझ्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड साधंच आहे, त्यावर स्टेबल डिफ्युजनचं 512 बाय 512 वालं जुनं दीड व्हर्जन आरामात चालतं आणि 1024 वालं एक्सएल रडतरडत. दोन्ही वापरलं, मागचे डोंगर एक्सएलवर, दगडधोंडे झुडपं जुन्यावर.

आता सह्याद्री त्याला शिकवायचा कसा. ह्यासाठी लोरा म्हणून एक पद्धत आहे, अख्खं मॉडेल न बदलता त्याला एक छोटी जोडफाइल लावायची, आणि ती फाइल आपल्याच काही डझन फोटोंवर तयार करता येते. ट्रेनिंगपुरतं तासावर मिळणारं मोठं ग्राफिक्स कार्ड ऑनलाइन भाड्यानं घेतलं. फोटोंसाठी मात्र गडावरच जायला लागलं, कारण नेटवरचे दुसऱ्यांचे फोटो न विचारता घेणं मला पटत नव्हतं आणि आधी काढलेले माझे फोटो सगळे माणसांचे होते, मागे किल्ला असा तोंडी लावायला. गुंजवण्यातून चोरदरवाज्यानं पद्मावतीवर चढले आणि मग दिवसभर नुसत्या भिंती, पायऱ्या, दरवाज्यांच्या कमानी, दगडांचे सांधे, कड्यांचे थर असं काढत फिरले. बरोबरच्या लोकांना मी काय करतेय ते कळेना.

पण त्या दिवशी मी राजगड जितका बघितला तितका आधीच्या एकाही ट्रेकला बघितला नव्हता. सह्याद्रीचे कडे लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणून लांबून बघितलं की डोंगराला आडव्या रेघा दिसतात, वर सपाट माथा, मध्ये उभा कातळ, खाली गवताचा उतार, परत कातळ, परत उतार. हेच आपल्या डोंगरांचं रूप आणि हेच मॉडेलला येत नव्हतं, त्याला डोंगर म्हणजे त्रिकोण. संजीवनी माचीला तर तटाला तट आहे, बाहेरची भिंत आणि आतली भिंत आणि मधून जेमतेम माणूस जाईल एवढी चिंचोळी वाट. बाहेरचा बुरूज पडला तरी आतला उभा. ह्या मधल्या वाटेवर मी गेमची एक पूर्ण लेव्हल केली, कारण तिथे लपायला जागाच नाही, पहारेकरी आला की पळायचं नाहीतर सापडायचं.

ट्रेनिंगमध्ये एक मजेशीर आणि फार शिकवणारी गोष्ट घडली. पहिल्या फाइलमधून काळा दगड आला, थरांचे डोंगर आले, मी आनंदानं घरात ओरडले, आणि मग लक्षात आलं की प्रत्येक भिंतीच्या कडेला लोखंडी रेलिंग येतंय. गडावर सुरक्षेसाठी लावलेलं रेलिंग फोटोंमध्ये होतं आणि मॉडेलच्या दृष्टीनं रेलिंग हा किल्ल्याचाच भाग. ह्यावर उपाय असा की प्रत्येक फोटोचं वर्णन लिहिताना त्यात जे जे आपल्याला नको ते ते नावानिशी लिहायचं, म्हणजे "रेलिंग आहे", "माहितीचा बोर्ड आहे", "बाटली पडलीय" असं, इंग्रजीत अर्थात. वर्णनात जे लिहिलं ते मॉडेल वेगळं काढून ठेवतं आणि जे लिहिलं नाही ते सगळं मिळून आपल्या खास शब्दाला, म्हणजे ती फाइल कामाला लावायला वर्णनात घालायच्या शब्दाला, चिकटतं. काही फोटोंतलं रेलिंग मी आधीच पुसून टाकलं. पुढच्या फाइलमधून स्वच्छ भिंती आल्या.

स्वच्छ आल्या पण पडक्या आल्या, आणि हा सगळ्यात अवघड भाग. मी फोटो काढले ते आजच्या राजगडाचे, ढासळलेला तट, सांध्यांतून उगवलेलं गवत, छप्पर नसलेली जोती. माझ्या गेममधला राजगड जिवंत आहे, राजधानी आहे, त्यावर माणसं राहतात, तटाच्या माथ्यावरच्या दातेरी चर्या शाबूत आहेत, जंग्यांमधून, म्हणजे भिंतीतल्या भोकांतून, बंदुकीची नळी बाहेर येऊ शकते. मॉडेलला "नवीन कर" म्हटलं की ते तट सरळ गुळगुळीत करून विटांचा करतं. मग कंट्रोलनेट वापरलं. ही 2023 मध्ये आलेली युक्ती, तुम्ही साध्या रेघांचं कच्चं चित्र द्यायचं आणि मॉडेलला त्या रेघा सोडून जाता येत नाही. चित्रकला येत नसली तरी सरळ रेघ, अर्धगोल, चौकोन मला काढता येतात, आणि किल्ला म्हणजे बऱ्यापैकी तेवढंच. गोमुखी दरवाजाही असाच केला. दोन बुरुजांच्या कुशीत दरवाजा लपवायचा, वाट वळवून आत न्यायची म्हणजे बाहेरून दार दिसत नाही आणि हत्तीला धावत येऊन धडक द्यायला सरळ जागा मिळत नाही. ही कल्पना मॉडेलला शब्दांनी सांगून काडीचा उपयोग नव्हता, पण वरून बघितल्यासारखा नकाशा काढून, त्यावरून गोडोमध्येच साध्या ठोकळ्यांचा त्रिमितीय दरवाजा उभा करून, त्याचा डेप्थचा फोटो (काय जवळ, काय लांब एवढंच दाखवणारा) दिल्यावर पहिल्याच फटक्यात असा दरवाजा आला की बास. ठोकळा माझा, दगड माझ्या फोटोतला, रंगकाम मशीनचं.

वाड्यांचं काय करायचं हा प्रश्न होताच. जोत्यावर नेमकं कसं छप्पर होतं, किती उंच होतं, ह्याचं चित्र एआय अतिशय आत्मविश्वासानं काढून देतं, लाकडी नक्षी, कंदील, पडदे सगळं, आणि त्यातलं खरं काहीच नसतं. लहान मुलं गेम खेळतील आणि हाच राजगड म्हणून लक्षात ठेवतील, हे मला नको होतं. म्हणून रात्रीचा फायदा घेतला, वाडे नुसत्या काळ्या आकृत्या ठेवल्या, आत एखादा दिवा. जे बघायला मिळतं ते तपशिलात आणि जे मिळत नाही ते अंधारात, हा नियम पुढे सगळीकडे पाळला.

माझ्या मामेभावानं अप्लाइड आर्ट केलंय, त्याला पहिले चार सीन दाखवले. त्यानं पाच सेकंद बघितलं आणि विचारलं, "अगं, चंद्र आहे कुठे?" मी म्हटलं डावीकडे वर. तर म्हणाला, "मग ह्या खडकाला उजेड उजवीकडून कसा? आणि झाडाला समोरून?" प्रत्येक चित्र वेगळं तयार झालेलं आणि प्रत्येकाचा उजेड वेगळ्या दिशेचा, एकेकटं बघितलं तर कळत नाही, एकावर एक ठेवलं की काहीतरी खटकतं आणि काय ते समजत नाही. दादानं सांगितलं की चित्रात उजेड घेऊच नको, ढगाळ दिवसासारखं सपाट करून घे, उजेड इंजिनला देऊ दे. आणि ते फारच कामाचं निघालं. गोडोमध्ये पूर्ण सीनवर एक गडद निळा रंग चढवता येतो आणि मशालीच्या जागी खरा दिवा ठेवता येतो, म्हणजे पहारेकरी चालला की भिंतीवरचा केशरी उजेड त्याच्याबरोबर चालतो. मग सगळी चित्रं परत केली, सपाट उजेडात, आणि शेवटी सगळ्यांचे रंग एकाच ठरवलेल्या थोड्या रंगांत बसवले, निळे, राखाडी, गवताचा वाळका पिवळा, मशालीचा केशरी. हे रंग बसवणं क्रिता ह्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये हातानंच केलं. चित्रं एकाच गेमची वाटायला लागली ती इथून.

छोट्या कटकटी भरपूर, पटापट सांगते. पारदर्शक बॅकग्राउंड मागितलं की माझं मॉडेल पारदर्शक देत नाही, ते राखाडी पांढऱ्या चौकटी चक्क रंगवून देतं, त्यामुळे साधा एकरंगी बॅकग्राउंड मागायचा आणि रेमबीजीसारख्या टूलनं कापायचा, गवताच्या कडा मात्र हातानं साफ करायच्या. जमिनीची टाइल एकमेकींना जुळायला हवी तर चित्र अर्ध्यानं सरकवायचं, म्हणजे कडा मध्ये येतात आणि तिथला सांधा दिसतो, तेवढाच पट्टा परत काढून घ्यायचा. आणि टाइलमध्ये एकही लक्षात राहील असा दगड नको, नाहीतर तोच दगड दर चार पावलांनी भेटतो.

जासूद मात्र एआयकडून झाला नाही. चालण्याची आठ चित्रं मागितली तर प्रत्येकात मुंडासं वेगळं, शेला कधी डाव्या खांद्यावर कधी उजव्या, काठी मध्येच गायब. एक चित्र चांगलं घेऊन त्याचे डोकं, धड, हात, पाय असे तुकडे करून गोडोच्या हाडांवर बसवून हलवलं, ते चाललं, पण चेहरा. चेहरा त्याला प्रत्येक वेळी नटाचा यायचा, कोरीव दाढी, गोरा रंग, पिळदार दंड. माझ्या डोक्यातला जासूद वेल्ह्याकडच्या एखाद्या गावातला, वाळका, चिवट, डोळे बारीक, रात्रभर चालू शकणारा, आणि घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतलेला. घोंगडी तर मॉडेलला अजिबात जमली नाही, ते काश्मिरी शाल देतं. शेवटी दादाला म्हटलं, जासूद तू काढ, पैसे घे. त्यानं काढला आणि त्या एका माणसामुळे बाकीच्या सगळ्या डोंगरांना अर्थ आला असं मला मनापासून वाटतं. गेममध्ये खेळणाऱ्याची नजर पूर्ण वेळ ज्याच्यावर असते ते माणसाच्या हातचं असावं, हे माझं आता पक्कं मत झालंय.

तसंच खलित्याचं. लेव्हल संपली की पत्र उघडतं, ते मोडीत हवं. एआयनं पिवळसर कागद, डाग, दुमडलेल्या कडा असं सुरेख पत्र दिलं, वर गिचमिड अक्षरं. आमच्या ओळखीचे एक काका मोडी वाचतात, त्यांना विचारलं, "काका, हे काय लिहिलंय बघा ना." त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाले, "अगं ह्यात एकही अक्षर नाही. आणि आधी अख्खी रेघ मारतात, मग तिच्याखाली लिहितात. इथे रेघच नाही." मी गप्प बसले. मग त्यांनी स्वतःच विचारलं पत्र कुणाचं कुणाला, मी सांगितलं राजगडच्या हवालदाराचं तोरण्याच्या हवालदाराला, तर त्यांनी मजकूर सुचवला, बोरूनं लिहून दिला आणि वर बजावलं की महाराजांची मुद्रा उगाच लावू नकोस, पत्र हवालदाराचं आहे. मी ते स्कॅन करून एआयच्या कागदावर बसवलं. गेममधली बाकीची देवनागरी मुक्ता ह्या मोकळ्या फाँटमध्ये आहे, गोडोच्या चौथ्या व्हर्जनपासून जोडाक्षरं नीट दिसतात म्हणून ते शक्य झालं. चित्रातली अक्षरं एआयला काढू द्यायची नाहीत, एकही नाही.

कायद्याचं थोडं वाचून घेतलं, कारण पुढे गेम विकायचा विचार आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसनं 2023 मध्ये एका कॉमिकच्या बाबतीत लेखन आणि मांडणीला हक्क दिला पण एआयनं काढलेल्या चित्रांना दिला नाही. आपल्या 1957 च्या कायद्यात कॉम्प्युटरनं तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती असं कलम आहे, पण ते 1994 च्या दुरुस्तीचं आहे, तेव्हा असली मॉडेल्स कुणाच्या डोक्यात नव्हती. गेम विकायच्या स्टीम ह्या वेबसाइटवर 2024 पासून एआय कुठे वापरलं ते लिहून द्यावं लागतं. मला ते लिहायला काहीच अडचण नाही, उलट गेमच्या पहिल्या मेनूतच लिहिलंय की डोंगर, तट, झाडी एआयच्या मदतीनं स्वतःच्या फोटोंवरून, जासूद दादाचा, मोडी काकांची. हयात असलेल्या एकाही चित्रकाराचं नाव मी वर्णनात घातलं नाही. अमक्याच्या शैलीत असं लिहिलं की चित्र पटकन छान होतं हे खरंय, पण त्या माणसानं आयुष्य घालवून कमावलेला हात आहे तो, आणि त्याला कुणी विचारलेलं नाही.

आता राजगडाचा आणि धारेचा भाग पूर्ण झालाय. धारेवर कारवीची झुडपं आहेत, जासूद त्यातच लपतो, आणि मॉडेलला कारवी शिकवायला पानांचे, काटक्यांचे फोटो पुरले. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, फुललेल्या कारवीचे माझ्याकडे फोटो नाहीत म्हणून गेममध्ये ती फुललेली नाही. राहिलाय तो तोरणा. बुधला माचीकडे चढतानाचे फोटो पावसाळ्यात काढलेले आहेत, सगळं हिरवंगार आणि अर्धं धुक्यात, आणि गेममधली रात्र आहे माघातली, गवत वाळलेलं हवं. हिरव्याचं पिवळं मॉडेल करून देतं, मी करूनही बघितलं, पण वाळक्या गवतात उताराची माती आणि दगड जसे उघडे पडतात ते त्यात येत नाही. त्यामुळे थंडी संपता संपता वेल्ह्यातून एकदा वर जायचंय, कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या घेऊन, आणि ह्या वेळी दादाही येतोय, त्याला कोकण दरवाज्याजवळ बसून स्केच करायचंय.